सीएसएमटी ते एनसीपीए : ११५ नंबरच्या डबल डेकरने अकरा महिने

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझी नोकरी नरिमन पॉइंटला आली. डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीपर्यंत यायचं ठरलेलंच होतं, प्रश्न होता पुढच्या दोन-अडीच किलोमीटरचा. पहिले चार दिवस शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले. पाचव्या दिवशी समोर लाल डबल डेकर येऊन थांबली, पाटीवर ११५, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाणारी, आणि मी विचार न करता चढले. तेव्हापासून सुट्ट्या आणि आजारपण वगळता रोज जाता-येता तीच. अकरा महिन्यांनंतर लिहितेय, कारण या गाडीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक उद्घाटनाच्या आठवड्यातलं असतं, नाहीतर जुन्या डबल डेकरच्या आठवणींनी भरलेलं. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ही गाडी कशी वाटते, ते फार कुणी सांगत नाही.

मी जुन्या डबल डेकरचीही प्रवासी आहे, हे आधी सांगायला हवं. सात वर्षं मी सीप्झ या अंधेरीच्या उद्योगवसाहतीत कामाला होते, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून ४१५ नंबर. तिला मागच्या बाजूला दरवाजा नसलेलं मोकळं दार होतं आणि तिथूनच वर जाणारा अरुंद जिना. दोन कंडक्टर, एक खाली, एक वर. खालच्या मास्तरांनी डबल बेल दिली की गाडी हलायची आणि जिन्यात असलेला प्रत्येक जण दांडा घट्ट धरायचा. वर खिडक्या उघड्या. एप्रिल-मेमध्ये सुद्धा गाडी धावत असेपर्यंत वाऱ्याने जीव सुखावायचा, सिग्नलला थांबली की भट्टी. इंजिनाची थरथर सीटमधून पाठीत शिरायची. मला ती गाडी प्रिय होती. १५ सप्टेंबर २०२३ ला त्याच ४१५ मार्गावर बेस्टची शेवटची जुनी साधी डबल डेकर धावली, फुलं आणि फुगे लावून. पर्यटकांसाठीची उघड्या छताची गाडीसुद्धा पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरला गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात सुमारे नऊशे डबल डेकर होत्या. २००८ नंतर बेस्टने तशा नव्या घेतल्याच नाहीत. चालवण्याचा खर्च जास्त, कंडक्टर दोन लागतात, ही कारणं. उरलेल्यांची पंधरा वर्षांची मुदत संपत गेली तशा त्या एकेक करून डेपोतून निघाल्या.

त्यामुळे ११५ मध्ये पहिल्यांदा चढताना मी आत कुठेतरी तिच्या विरोधात होते. एसी गाडी, बंद काचा, आपोआप लागणारे दरवाजे. ही कसली डबल डेकर?

पंधरा दिवसांत मत बदललं. पहिलं कारण जिने. नव्या गाडीला दोन दरवाजे आणि दोन जिने आहेत. जुन्या गाडीत वरून उतरणारा आणि खालून चढणारा त्या एकाच पिळाच्या जिन्यात समोरासमोर यायचे आणि एकाला माघार घ्यावी लागायची, तोवर गाडी थांब्यावर खोळंबलेली. इथे सीएसएमटीला साठेक माणसं मिनिट-दोन मिनिटांत आत बसतात. दुसरं कारण शांतता. बॅटरीवर चालणारी गाडी असल्याने सुटताना धक्का नाही, घरघर नाही. शेजारी बसलेल्या बाईशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. लोकलमधून सव्वा तास उभं राहून आल्यावर ही शांतता किती हवीशी वाटते, हे त्या गर्दीतून आलेल्यालाच कळेल.

तिसरं कारण वरच्या मजल्यावरची पुढची सीट, आणि त्याबद्दल मला मनापासून लिहायचंय.

दादाभाई नौरोजी मार्गावरून मी आयुष्यात शेकडो वेळा चालले असेन. खालून काय दिसतं? कमानींखालची दुकानं, मोबाइलची कव्हरं, झेरॉक्स, माणसांच्या पाठी. वरून दिसतात त्या इमारतींचे पहिले-दुसरे मजले : दगडी कोरीव काम, लाकडी खिडक्या, जे. एन. पेटिट वाचनालयाचा दर्शनी भाग. ही माणसांच्या डोक्यावरची मुंबई आहे. गाडी सुटताना महापालिकेची इमारत आणि सीएसएमटी समोरासमोर उभ्या दिसतात, तेव्हा हा चौक कुणी किती विचारपूर्वक बांधला असेल, ते जमिनीवरून कधी कळलं नव्हतं. पावसाळ्यात झाडांच्या फांद्या वरच्या काचेला घासून जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात अख्खी काच पानांच्या ओल्या छाप्यांनी भरली होती आणि बस गच्च भरलेली असूनही वरचे सगळे जण दोन मिनिटं गप्प होते.

या रस्त्यावर मजल्याची गाडी नवी नाही, हे मला इथेच बसून कळायला लागलं. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जायचा. बोरीबंदर म्हणजे आपलं आजचं सीएसएमटी. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली आणि सप्टेंबर १९२० मध्ये तिला वरचा मजला मिळाला. बस त्याच्याही नंतरची : १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. म्हणजे मुंबईच्या बसची शंभर वर्षं जुलै २०२६ मधली. बसला वरचा मजला १९३७ मध्ये मिळाला. बेस्ट कंपनीच्या नावात तोवर ट्रामच होती. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने कारभार ताब्यात घेतला आणि पुढे ‘बेस्ट’मधला शेवटचा ‘टी’ ट्रामवेजचा ट्रान्सपोर्ट झाला. ट्राम मात्र थकत चालली होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहूनच दादरला गेली.

मध्ये वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबसही आली, १९६२ ते १९७१, पण ती गवालिया टँक ते माझगाव अशी दुसरीकडे. तिच्यानंतर इथे कितीतरी वर्षं डिझेलच्याच गाड्या. आणि २१ फेब्रुवारी २०२३ ला विजेवरची एसी डबल डेकर रस्त्यावर उतरली ती याच ११५ वर. वीज आणि वरचा मजला, दोन्ही शंभर वर्षांपूर्वी याच परिसरात होते आणि दोन्ही परत आले. आणखी एक धागा आहे. जुन्या डबल डेकर लेलँडच्या होत्या आणि नवी गाडी बनवणारी स्विच मोबिलिटी ही अशोक लेलँडच्याच घरातली कंपनी.

हुतात्मा चौकात २०१७ मध्ये खोदकाम करताना ट्रामचे जुने रूळ सापडले होते. एकदा माझ्या शेजारी बसलेले आजोबा तिथे आल्यावर काचेला बोट लावून म्हणाले, “इथून वळायची बघा. मी आठ वर्षांचा होतो ती बंद झाली तेव्हा.” मी मनात हिशेब केला, जुळत होता. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा डबा ठेवलाय, तो मी रोज ओलांडून जात होते. त्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम थांबून नीट पाहिला.

आता पैशांचं. मी सुरुवात केली तेव्हा एसीचं किमान तिकीट ६ रुपये होतं. ९ मे २०२५ पासून ते १२ झालं, साध्या बसचं ५ चं १०. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ८ वरून ५ वर आणलं होतं, त्यानंतर सहा वर्षांनी झालेली ही वाढ. माझा महिन्याचा खर्च पंचवीस दिवसांचा धरला तर ३०० वरून ६०० वर गेला. मला ते परवडतं. पण माझ्याबरोबर येणाऱ्या, ऑफिसांत साफसफाई करणाऱ्या दोघीजणी मे महिन्यापासून सकाळी चालत जायला लागल्या आणि फक्त संध्याकाळी बसने येतात. चांगली गाडी आणि स्वस्त गाडी या दोन वेगळ्या गोष्टी होऊ नयेत असं मला फार वाटतं, कारण या मार्गावर त्या दोघींचा हक्क माझ्याइतकाच आहे.

ऑक्टोबरात भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, सगळी स्टेशनं याच पट्ट्यात, आणि किमान तिकीट १० रुपये, म्हणजे आमच्या बसपेक्षा दोनने कमी. मी दोन आठवडे मेट्रोने गेले. वेळेची खात्री मेट्रोची, यात शंकाच नाही : संध्याकाळी सहानंतर बसला जे अंतर कापायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात ते भुयारातून चार-पाच मिनिटांत होतं. पण खाली उतरा, बॅग तपासा, फलाटापर्यंत जा, पुन्हा तेवढंच वर या. गुडघे दुखणाऱ्याला आणि हातात सामान असलेल्याला दारात येणारी बसच बरी. आता मी सकाळी बसने जाते आणि ज्या दिवशी ६.५० ची कल्याण फास्ट पकडायची असते त्या दिवशी मेट्रोने परत येते. गर्दी थोडी पातळ झालीय हे मात्र खरं. वरच्या मजल्यावर जागा मिळायला आता धडपड करावी लागत नाही.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. बंद काचांमुळे वारा नाही आणि रस्त्याचा वास-आवाज आत येत नाही. उंच माणसाला वरच्या मजल्यावर मान तिरकी करून चालावं लागतं. पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्या ओल्या होतात. ऑगस्टमध्ये छत्री, डबा आणि फोन सगळं एकाच वेळी हातात घेऊन उतरताना माझा पाय घसरला, खालच्या माणसाने सावरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मास्तरांचं वाक्य मी पाळते : “ताई, एक हात मोकळा ठेवा.” आणि गाड्या कमी आहेत. या नव्या डबल डेकर पन्नासच्या आसपासच आल्या, आणि त्या शहरभर वाटल्या गेल्या. १३८ सुद्धा इथूनच बॅकबे डेपोला जाते, तीवरही या धावतात. जेमतेम दहा मीटर लांबीची जागा घेऊन ही गाडी साध्या बसच्या दीडपट-दुप्पट माणसं बसवून नेते. फोर्टसारख्या भागात, जिथे रस्ता रुंद करायला इंचभर जागा नाही आणि सकाळी दोन तासांत लोकलमधून लाखो माणसं उतरतात, तिथे याहून योग्य वाहन मला सुचत नाही. तिला पर्यटकांची गाडी समजू नका. ती आमची ऑफिसची गाडी आहे आणि आणखी यायला हव्यात.

नव्याने येणाऱ्यांसाठी : सुटे पैसे ठेवा किंवा तिकिटाचं अ‍ॅप लोकलमध्येच उघडून ठेवा, रांगेत रेंज जाते. वर उभं राहू देत नाहीत, तेव्हा सीट नसेल तर खालीच थांबा. सकाळी पावणेनऊच्या आत आलात तर वरची डावीकडची पुढची सीट बहुतेक वेळा रिकामी असते.