आयोना मठ, स्कॉटलंड: संत कोलंबाच्या बेटावर मुक्कामालाच जा

आपल्या वसईची तीर्थयात्रेला जाणारी मंडळी रोम, लूर्द, फातिमा करून परत येतात. त्यांना माझी कळकळीची विनंती, एकदा आयोनाला जा. आयर्लंडचा संत कोलंबा ५६३ साली बारा सोबत्यांसह इथे उतरला आणि स्कॉटलंडमधलं त्याचं मिशनकार्य या चिमुकल्या बेटावरून चाललं.

ओबान बंदरातून बोटीने मल (Mull) बेट, ते बसने पार करून दुसरी छोटी बोट. पाहुण्यांच्या गाड्या आयोनावर नेता येत नाहीत, सगळं पायी. आम्ही एका टूरवाल्याबरोबर सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो. बेटावर दोनेक तास मिळाले, त्यात काहीच धड होत नाही.

समोर दिसतं ते भव्य दगडी ख्रिस्तमंदिर कोलंबाच्या काळातलं नाही, ते बेनेडिक्टाईन (संत बेनेडिक्टच्या पंथाच्या) संन्याशांनी १२००च्या सुमारास उभारायला घेतलं. कोलंबाचा मठ लाकडामातीचा होता. म्हणून आधी समोरच्या खडकाळ टेकाडावर चढा, नाव टोर अन आबा. त्याची लिहायची झोपडी इथे होती असं मानतात. १९५७च्या उत्खननातल्या कोळशाची २०१७मध्ये तपासणी झाली आणि काळ निघाला साधारण ५४० ते ६५०, म्हणजे त्याच्याच हयातीच्या आसपासचा! मला तिथून हलवेना. ५९७च्या जूनमध्ये, आयुष्याच्या शेवटच्या दिवशी, तो बायबलमधलं ३४वं स्तोत्र उतरवून घेत होता. देवाला शोधणाऱ्यांना काही कमी पडणार नाही, या ओळीपाशी थांबला आणि म्हणाला, पुढचं बाथेनला (त्याच्या शिष्याला) लिहू दे. त्याच रात्री वेदीपुढे त्याने प्राण सोडला. हे सगळं आदोम्नान या नवव्या मठाधिपतीने शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं.

मंदिराबाहेरचा संत मार्टिनचा क्रूस आठव्या शतकातला, अजून मूळ जागीच उभा. मधोमध बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे, जवळ जाऊन बघा. संत जॉनच्या क्रूसाची मात्र बाहेर प्रतिकृती आहे. मूळ क्रूस मागच्या संग्रहालयात जोडून उभा केलाय. तो चुकवू नका. ८०६ साली व्हायकिंग या समुद्री लुटारूंनी इथल्या ६८ जणांना मारलं, तरी एवढं उरलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

मंदिरात रोज प्रार्थना होते, ती सर्वपंथीय. कॅथलिक मिस्सा समजून जाऊ नका. राहायच्या जागा मोजक्याच, उन्हाळ्यासाठी फार आधी बुकिंग करा. वडीलधारी सोबत असतील तर टेकाडावर हात धरा, पावसात खडक निसरडा होतो.