सेल्टा कोर्स: परदेशात इंग्रजी शिकवायला निघण्याआधी करावा का?

परदेशातल्या इंग्रजी शिक्षकाच्या जाहिरातीत पदवीच्या पाठोपाठ बहुतेक वेळा ‘सेल्टा किंवा समकक्ष’ अशी अट असते. सेल्टा म्हणजे मोठ्यांना इंग्रजी कसं शिकवायचं याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स. तो महाग आहे आणि दमवणाराही. तरी आमचं मत स्पष्ट आहे: मोठ्यांना इंग्रजी शिकवायचं असेल तर करावा. मात्र पैसे नेमके कशाचे भरतोय ते आधी कळायला हवं. ते आहेत स्वतः शिकवण्याच्या 6 तासांचे. खरे विद्यार्थी समोर, मागच्या बाकावर टिपणं घेणारा प्रशिक्षक, आणि तास संपला की त्याच तासावर सविस्तर चर्चा.

कोर्स किमान 120 तासांचा. पूर्णवेळ केला तर 4 ते 5 आठवड्यांत होतो, अर्धवेळ केला तर काही महिने लागतात. त्यात 6 तास स्वतः शिकवायचं, वेगवेगळ्या दोन पातळ्यांच्या वर्गांना. 6 तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे. आणि 750 ते 1000 शब्दांच्या 4 असाइनमेंट लिहायच्या. शेवटी लेखी परीक्षा नसते. बाजारात अगदी स्वस्तात ऑनलाइन ‘120 तासांची’ टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याची) प्रमाणपत्रं मिळतात. आकडा तोच, पण त्यातल्या बहुतेकांमध्ये एकदाही कुणी तुमचा तास बघत नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा ‘सर्ट-टीसोल’ हा कोर्स मात्र खरा समकक्ष आहे, त्यातही शिकवण्याचे 6 तास असतात.

तयारी किती बारीक लागते ते एका उदाहरणातून सांगतो. समजा ‘ही यूस्ड टू स्मोक’ ही रचना शिकवायची आहे. मराठी माणसाला ती ‘तो सिगारेट ओढायचा’ एवढं म्हटलं की समजते. पण समोर ब्राझील, जपान, तुर्कस्तानचे विद्यार्थी असले की हा रस्ता बंद. तिथे आधी प्रसंग उभा करायचा आणि मग समज तपासायला छोटे प्रश्न विचारायचे: तो आता ओढतो का? नाही. पूर्वी ओढायचा का? हो. एकदाच की नेहमी? नेहमी. ‘समजलं का?’ हा प्रश्न इथे चालत नाही, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. पाठ टाचणासोबत भाषा-विश्लेषणाचा कागद द्यावा लागतो: अर्थ, रचना, उच्चार, आणि विद्यार्थी कुठे अडखळतील व त्यावर उपाय काय. याच कागदावर चुका सापडतात. नकारात ‘डिडन्ट यूस टू’ असं होतं, शेवटचा ‘डी’ जातो, पण फळ्यावर घाईत तो तसाच राहतो. उच्चारही ‘यूज्ड टू’ असा सुटा नाही, ‘यूस्टु’ असा एका दमात येतो. ‘आय यूज्ड अ नाइफ’ मधलं क्रियापद दिसायला तसंच, उच्चाराला वेगळं. हे आधी कागदावर आलं नाही, तर विद्यार्थ्याने विचारल्यावर उभ्या उभ्या उत्तर सुचत नाही.

आपल्याकडच्या शिक्षकांचं व्याकरण सहसा पक्कं असतं, ही मोठी जमेची बाजू. घात होतो तो बोलण्याच्या सवयीने. 40 मिनिटांच्या तासात 15 मिनिटं नियम समजावण्यात गेली की विद्यार्थ्यांना बोलायला वेळच उरत नाही, आणि ‘नॉट टू स्टँडर्ड’, म्हणजे तास अपेक्षित दर्जाचा झाला नाही, असा शेरा येतो. दुसरी अडचण सूचनांची. लांबलचक सूचना देऊन मग कागद वाटले की अर्धा वर्ग शेजाऱ्याला विचारतो. सूचना तीन छोट्या वाक्यांत, एक नमुना सोडवून, आणि कागद त्यानंतर. उच्चारात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे काढण्याचा आणि ‘शिप’–‘शीप’चा सराव कोर्सच्या आधीच करावा.

प्रवेशासाठी लेखी काम आणि मुलाखत असते. ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आयव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ यांत फरक काय, अशा धर्तीचे प्रश्न येतात. प्रवेश मिळाल्यावर येणारा 50 कामांचा पूर्वतयारीचा संच मनापासून सोडवावा, कारण कोर्स सुरू झाला की वाचायला वेळ मिळत नाही. असाइनमेंट एकदा सुधारून परत देता येते. चारपैकी दोन नापास झाल्या तर मात्र पास होता येत नाही.

आता उणिवा. हा कोर्स मोठ्यांना शिकवण्याचा आहे. आशियातल्या भाषा-केंद्रांत मोठा भरणा लहान मुलांचा असतो, आणि सहा वर्षांच्या वीस पोरांना कसं सांभाळायचं हे इथे शिकवत नाहीत. आखाती देशांतल्या शाळांत नियमित शिक्षकाच्या जागेसाठी बी.एड. विचारतात; सेल्टा त्याची जागा घेत नाही. आणि पासपोर्टची अडचण कुठलंच प्रमाणपत्र दूर करत नाही. दक्षिण कोरियात खासगी क्लासमध्ये शिकवण्यासाठीचा ई-2 व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्याच नागरिकांना मिळतो. म्हणून फी भरण्याआधी ज्या देशात जायचं त्याचे कामाच्या परवान्याचे नियम भारतीय नागरिकासाठी काय आहेत, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचावेत. एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

ऑनलाइन कोर्स करूनही प्रमाणपत्र तेच मिळतं. पण नोकरी प्रत्यक्ष वर्गातली असेल तर समोरासमोरचा कोर्स घ्यावा; फळा वापरणं, बाकांची मांडणी, वर्गात फिरून ऐकणं हे स्क्रीनवर होत नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. पदवीवर आधी राज्य शासनाचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का भारतात होतो. सेल्टाचं प्रमाणपत्र ब्रिटनमधून दिलेलं असल्याने, साक्षांकन मागितलं तर त्यावरचा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडून करून घ्यावा लागतो. शिवाय मूळ प्रमाणपत्र कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी हातात पडतं. नोकरीवर रुजू होण्याची तारीख ठरवताना या दोन्ही गोष्टींना लागणारे आठवडे धरावेत, आणि तोवर दाखवायला केंद्राकडून तात्पुरता अहवाल मागून घ्यावा.