चॅरिटी बिब की साधा बिब? पहिली मॅरेथॉन संस्थेसाठी धावायची असेल तर

शेजारच्या विंगमधल्या वहिनींनी परवा विचारलं, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन धावायचीय, पहिलीच आहे, आणि एवढं धावणारच आहे तर एखाद्या संस्थेला चार पैसे मिळू देत, मग चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा नंबर) घेऊ की साधा? मी दोन्हीवर धावलेय, आधी चॅरिटी बिबवर आणि दोन वर्षांनी साध्यावर, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो, म्हणजे एका बाजूला ठाणे जवळ आणि इकडे खाली पाम बीच, त्यामुळे दोन्हीकडच्यांना उपयोग होईल.

साध्या बिबचं काम सरळ आहे. रजिस्ट्रेशन उघडलं की फॉर्म भरायचा, एन्ट्री फी भरायची, झालं. पण ती फी दान नाही हे लक्षात ठेवा, संस्थेसाठी जे काही जमवायचं ते तुम्ही वेगळं जमवायचं. चॅरिटी बिब संस्थेमार्फत मिळतो. या स्पर्धेचं चॅरिटीचं काम युनायटेड वे मुंबई बघते, त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांकडे बिब असतात आणि संस्था तो तुम्हाला देते, बदल्यात ठरलेली रक्कम तुम्ही स्वतः द्यायची किंवा लोकांकडून जमवायची. रक्कम संस्थेगणिक आणि वर्षागणिक बदलते, त्यामुळे कुणी सांगितलेल्या जुन्या आकड्यावर जाऊ नका, थेट फोन करा.

आता खरा फरक. ४२.१९५ किमीची तयारी नवख्या माणसाला साधारण १६ ते २० आठवडे लागते, तेही आधीपासून ८-१० किमी आरामात धावत असाल तर. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून मागे मोजलं तर सुरुवात गणपतीच्या आसपास येते, मग ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळीचा फराळ, आणि २८-३० किमीचे सगळ्यात लांब रन येतात डिसेंबरात. चॅरिटी बिबचं टार्गेट पूर्ण करायची घाईसुद्धा तेव्हाच येते. माझं तेच झालं. रविवारी पहाटे चारला उठून लांब रन करायचा, घरी येऊन पाय भिंतीला टेकवून पडायचं आणि पडल्या पडल्या आत्याच्या, कॉलेजच्या, ऑफिसच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आठवणीचा मेसेज टाकायचा. त्यात डिसेंबरच्या शेवटी गुडघा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी दहा दिवस थांबा सांगितलं तेव्हा मी चार दिवसांत परत रस्त्यावर होते, कारण लोकांनी पैसे दिलेत आता माघार कशी घेणार हेच डोक्यात. हे चुकीचं होतं आणि कुणी करू नये. दान देणाऱ्याला तुमच्या मेडलशी देणंघेणं नसतं, पैसे संस्थेला पोचले की त्याचं समाधान झालेलं असतं, हे मला उशिरा कळलं.

साध्या बिबवर हा ताण नव्हता, पण मागे लागणारंही कुणी नव्हतं. नोव्हेंबर उजाडला तरी मी एक रुपया जमवला नव्हता, उद्या करू उद्या करू. शेवटी स्वतःच तारीख ठरवली आणि मेसेज एकदाच, पण नीट लिहिला. संस्था माझ्या माहितीतली होती, खारघरच्या टाटाच्या कॅन्सर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचाराला गावाकडून येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांची राहायची-जेवायची सोय बघणारी, आमच्याच ओळखीतलं एक कुटुंब तिथे दीड महिना राहिलं होतं. ते मी मेसेजमध्ये लिहिलं आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त जमले, लोकांनी उलट फोन करून विचारलं अजून काही लागतं का.

पैशाचं अजून एक. चॅरिटी बिब घेताना संस्थेला न लाजता विचारा की संस्थेने बिबसाठी मोजलेली किंमत वजा जाऊन कामासाठी हातात किती उरतं. चांगली संस्था सरळ सांगते. साध्या बिबवर जमवलेलं थेट संस्थेच्या खात्यात जातं, फक्त तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. मी पहिल्यांदा काही जणांचे घेतले आणि एकदम पुढे पाठवले, मग पावती माझ्या एकटीच्या नावाची आली आणि ज्यांना ८०जीची, म्हणजे दानावरची आयकरातली सवलत घ्यायची होती त्यांची पंचाईत. ही सवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या करप्रणालीत नाही, दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही आणि दात्याचा पॅन द्यावा लागतो, तेव्हा क्यूआर कोड संस्थेचाच फिरवा. एका ठिकाणी मात्र चॅरिटी बिब सरस ठरू शकतो, तुमच्या कंपनीत कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकीच भर घालायची पद्धत असेल आणि ती संस्था त्यांच्या यादीत असेल तर. इथल्या आयटी पार्कवाल्यांनी एचआरला एक मेल टाकून बघावा. आणि साधी रजिस्ट्रेशन भरून गेली असेल तर चॅरिटी बिब हाच रस्ता उरतो, त्यातही काही वाईट नाही, टार्गेट ऑक्टोबरातच संपवा म्हणजे झालं.

फुल (४२ किमी) की हाफ (२१ किमी)? वर्षभरात एकही हाफ धावला नसाल तर हाफच करा, संस्थेला मिळणारे पैसे किलोमीटरवर ठरत नाहीत.

सरावाचं म्हणाल तर पाम बीच रोड सपाट आहे, एकसारखा पेस धरायची सवय तिथे लागते, पण गाड्या जोरात असतात, उजाडायच्या आत एकट्याने जाऊ नका, ग्रुपबरोबर जा. ठाणेकरांकडे येऊरची टेकडी आहे आणि तो चढ पायात असणं फार मोलाचं, कारण परतीला पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी महिन्यातून दोन रविवार तरी येऊर करावं, मी करते. पाण्याबरोबर इलेक्ट्रॉलची सवयही लांब रनलाच लावून घ्या, नुसतं पाणी भरमसाट पिणं धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं.

वहिनींना मी साधा बिब सांगितला. त्यांची पहिलीच आहे, मुलगी दहावीला आहे, आणि आधी त्यांना कोणती संस्था हेच ठरवायचंय, तर पुढच्या शनिवारी आम्ही दोघी खारघरला जाऊन येतोय. जायची चिंता त्यांना होती, इतक्या पहाटे सीएसएमटीला कसं पोचायचं, पण मॅरेथॉनच्या दिवशी मध्य रेल्वेने याआधी कल्याणहून आणि पनवेलहून पहाटे तीनच्या सुमारास स्पेशल लोकल सोडल्यात, आदल्या आठवड्यात वेळ बघून घ्यायची. मी ठाण्याहूनच चढते, डब्यात सगळे बिब लावलेले असतात आणि शेजारचा माणूस कुणासाठी धावतोय हे विचारत विचारत सीएसएमटी कधी येतं कळत नाही.