ल्युसिड ड्रीमचा मास्क : ४७ रात्री वापरल्यानंतर

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक नुसत्या आतल्या मऊ कापडाला, कारण मी कुशीवर झोपते आणि तरीही नाकावर वळ उठले नाहीत.

डोळ्यांवर बांधायची जाड काळी पट्टी, आत दोन्ही डोळ्यांसमोर एकेक लाल एलईडी आणि पापणीची हालचाल टिपणारा इन्फ्रारेड सेन्सर. एवढाच संसार. रेम नावाच्या झोपेच्या टप्प्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरतात, हे १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी शिकागोतून जगासमोर मांडलं. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात. म्हणून डोळे फिरू लागले की मास्क दिवे लुकलुकवतो, उजेड स्वप्नात झिरपतो आणि झोपलेल्याला कळावं, अरे, हे स्वप्न आहे! झोप मोडायची नाही, नुसतं भान यायचं. असं भान असलेलं स्वप्न म्हणजे ल्युसिड ड्रीम. स्टॅनफर्ड विद्यापीठातले स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांनी असे मास्क गेल्या शतकातच बनवले होते. माझा त्याच कुळातला. कंपनीचं नाव घेत नाही, पुढे तक्रार आहे म्हणून.

पहिले दोन आठवडे फुकट गेले. उजेडाच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवर ठेवला तर मी ताडकन उठून बसायची, एकवर ठेवला तर सकाळी थेट गजरच. शेजारी नवरा. दुसऱ्याच रात्री त्याने विचारलं, "अगं, गाडीला सिग्नल मिळत नाहीये का? कधीची उभी आहे." कडेने उजेड बाहेर येतो, हे जोडीने झोपणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कूस बदलली तरी सेन्सरला वाटतं की डोळे फिरले, आणि दिवे सुरू.

तीनवर आणल्यावर उजेड स्वप्नात पोचू लागला, पण वेष बदलून. एकदा तो फोटो काढणाऱ्याचा फ्लॅश झाला. एकदा पुढच्या गाडीचा मागचा दिवा झाला आणि मी त्या माणसाला ब्रेक तपासून घ्यायचा सल्लाही दिला. स्वप्नातलं मन कशाचीही समजूत घालून घेतं. दिवसा लाल काही दिसलं की थांबून 'मी झोपेत तर नाही ना?' असं खरोखर विचारायची सवय लावावी लागते. माहितीपत्रकात यावर एक ओळ आहे, चार पानं हवी होती.

एकोणिसाव्या रात्री साधलं. पुस्तकांच्या गोदामात होते, सगळं लालेलाल झालं. समोरचं पान वाचलं, मान फिरवली, परत वाचलं. मजकूर बदललेला! स्वप्नातली ओळ दुसऱ्या वाचनात सहसा तशीच राहत नाही, आणि मी तीस वर्षं मुद्रितं तपासते, ओळ दोनदा वाचणं हीच माझी रोजीरोटी. कळलं. आनंदाने अशी उसळले की दुसऱ्या क्षणाला अंथरुणात, डोळे टक्क उघडे.

खरी अडचण इथून पुढे आहे. भान येणं निराळं आणि भान ठेवून झोपेत राहणं निराळं. अति हर्ष झाला की जाग येते. हर्ष आवरला की दुसरं टोक, भान विरघळतं आणि आपण परत गोष्टीतलं पात्र होतो. मधली वाट अरुंद आहे. मला सर्वात उपयोगी पडलं ते स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळणं. चित्र फिकट होऊ लागलं की चोळायचे. घर्षण, ऊब, सगळं जाणवतं, आणि ती जाणीव चालू आहे तोवर मनाला अंथरुणातल्या शरीराकडे वळायला फुरसत मिळत नाही. दुसरा उपाय स्वतःभोवती गिरकी घेण्याचा. दोन्हींचा पुरस्कार लाबर्ज यांनी केला आहे. गिरकीने माझं स्वप्न टिकतं, पण जागा बदलते. गोदामातून फिरले आणि शाळेच्या जिन्यात थांबले. चालेल, जिनाही वाईट नव्हता.

उलट, एकाच गोष्टीवर नजर रोखली की स्वप्न मोडतं. पाउल थोलाय हे जर्मन मानसशास्त्रज्ञ तर जागं व्हायचं असेल तर हाच उपाय सांगत. इथे माझा धंदा मला नडतो. स्वप्नात पाटी दिसली आणि वेलांटी चुकलेली असली की माझी नजर तिथेच रुतते. तीन चांगली स्वप्नं मी अशी ऱ्हस्व-दीर्घापायी घालवली आहेत.

आता तक्रार. मास्क आत नेतो आणि तोच बाहेर काढतो. भान आलं, हात चोळून कसंबसं सावरलं, की अर्ध्या मिनिटात पुन्हा लाल दिवे. मुक्कामाला पोचल्यावरही कंडक्टर खांदा हलवतोच आहे! चिडायचं कारण असं की हे टाळणं अवघड नाही. रेम झोपेत अंगाचे स्नायू लुळे असतात, पण डोळे मोकळे असतात. त्याचाच फायदा घेऊन १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी झोपेतून ठरवून डावी-उजवीकडे डोळे फिरवले आणि ती खूण यंत्रावर उमटली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर झोपलेल्या माणसाला ८ वजा ६ किती असं विचारलं आणि त्याने डोळ्यांनीच दोन असं उत्तर दिलं. आणि माझ्या डोळ्यांवर सेन्सर बांधलेला असताना मी स्वप्नातून डावी-उजवी, डावी-उजवी अशी खूण करते, तर मास्क काय समजतो? डोळे फिरताहेत, म्हणजे रेम चालू आहे, लावा दिवे. मी 'पुरे' म्हणते आणि तो 'अजून' ऐकतो.

हे कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." त्यात 'सूचनेची' हा शब्द ऱ्हस्व सुने लिहिला होता.

तोवर माझा तोडगा हा. रात्री मास्क लावायचाच नाही. पहिल्या रेमच्या फेऱ्या तोकड्या असतात, लांबलचक फेऱ्या पहाटेकडच्या. साधारण पाच तासांनी उठायचं, वीसेक मिनिटं जागं राहायचं, मग मास्क बांधून 'पुढचं स्वप्न ओळखीन' असं घोकत झोपायचं. मास्कच्या ॲपमध्ये एका फेरीतल्या इशाऱ्यांची संख्या एकवर आणायची; ही सोय 'इतर' नावाच्या कप्प्यात दडवून ठेवली आहे. हे सुरू केल्यापासून अठरा पहाटांत सहा वेळा भान आलं, आणि त्यातली चार स्वप्नं माझ्या अंदाजाने काही मिनिटं तरी टिकली. आधीच्या एकोणतीस रात्रींत दोनदा, तेही काही सेकंद.

झोप मुळात तुटक असेल तर यात पडू नका. लुकलुकत्या दिव्यांनी फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. बॅटरी चांगली आहे. पट्टा धुता येत नाही, हे वैताग आणणारं आहे.

परवा पहाटे पुन्हा तो शाळेचा जिना आला. इशारा एकदाच लुकलुकला, मी हात चोळले, कठडा धरून वर चढू लागले. वळणावर पाटी होती, 'शांतता राखा', आणि 'शांतता'वरचा अनुस्वार गायब. बोट खिशातल्या लाल पेनाकडे गेलं. मग तसंच सोडलं आणि पुढच्या मजल्यावर गेले.