‘ढुंऽऽग’ नको, ‘धप्प’ हवं: टॉमवर कुठलं हेड?

नव्या ड्रमसेटबरोबर येणारी हेडं, म्हणजे ड्रमवर ताणलेले प्लास्टिकचे पडदे, बहुतेक पातळ असतात. टॉमवर (सेटमधल्या, रोल मारायच्या घुमणाऱ्या ड्रमवर) एक फटका मारला की ‘ढुंऽऽग’ करत बसतात. ते दाबायला वर टिश्यूपेपर आणि सेलोटेप चिकटवून आपण सगळ्यांनीच दिवस काढलेत. रॉकसाठी ऊबदार आणि लगेच आवरणारा आवाज हवा असेल, तर दोनपदरी हेडच लागतं.

रेमो आणि इव्हान्स या हेड बनवणाऱ्या कंपन्या. रेमोचं एम्परर आणि इव्हान्सचं जी-टू, दोन्हींत ७-७ मिलचे दोन पदर (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). रेमोचंच एकपदरी अँबॅसडर १० मिलचं असतं. कोटेड घेतलंत तर वरचा खरखरीत लेप काठीची टकटकही मऊ करतो. रेमोच्याच पिनस्ट्राइपचे पदरही तेवढेच, पण कडेला त्यांच्यामध्ये गोंद असतो. कर्कश सूर उठतात ते कडेलाच, त्यामुळे ते तिथेच दबतात. फटका ठळक, मागे रेंगाळणारी शेपूट छोटी.

इव्हान्सच्या हायड्रॉलिकमध्ये दोन पदरांच्या मध्ये तेलाचा पातळ थर. धप्प, आणि संपलं. मी एकदा हौसेने तिन्ही टॉमना तीच चढवली. घरी एकट्याने वाजवताना काय सुख होतं! अंधेरीच्या जॅमरूममध्ये दोन गिटारी सुरू झाल्या आणि टॉम गायब. बेसवाला विचारतो, ‘तू रोल मारलास का आत्ता?’ जवळून ‘घुमतंय’ वाटणारा आवाज बँडच्या गोंगाटात निम्मा गिळला जातो, हे तेव्हा कळलं. प्रत्येक टॉमला माइक असेल तर हायड्रॉलिक चालतं, साउंडवालाही खूश. माइकशिवाय वाजवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मत विचाराल तर कोटेड एम्परर किंवा जी-टू. खोली फारच घुमत असेल तर पिनस्ट्राइप.

हे झालं फटका मारायच्या वरच्या हेडचं. टॉमच्या खालच्या बाजूचं हेड मात्र एकपदरीच ठेवा. तिथेही जाड लावलं तर ड्रमऐवजी पुठ्ठ्याचं खोकं वाजतं. वरचं आणि खालचं एकाच सुरात लावलं की सस्टेन (आवाजाचं रेंगाळणं) सगळ्यात लांब. खालचं थोडं चढं ठेवलं की शेपूट आपोआप तुटते. नवीन हेड घेण्याआधी हेडचा ताण बदलायची चावी घेऊन एवढं करून बघा, कदाचित पैसे वाचतील. आणि जुलैत टॉमचा सूर उतरला तर पावसाला दोष देऊ नका. ढोलकीचं चामडं दमट हवा पितं, हेडचं मायलर (प्लास्टिक) पीत नाही. कडेचे, हेड ताणून धरणारे स्क्रू सैल झाले असतील.

स्नेअरवर (खाली तारा असलेल्या, कडक वाजणाऱ्या ड्रमवर) यातलं काहीच नको, हलके फटके मरतात. तिथे कोटेड अँबॅसडर.

धोबीतलावला दुकानात जाण्याआधी टॉमचा व्यास मोजून घ्या, आणि तो लोखंडी रिंगचा नाही, आतल्या लाकडी खोळीचा. १२-१३-१६ इंच समजून गेलेला माणूस १०-१२-१४ च्या सेटसाठी पुन्हा लोकल पकडतो.