सिगिरिया की अंगकोर? सगळं घर घेऊन जायचंय

रत्नागिरीतून सगळा गोतावळा न्यायचा तर श्रीलंका सोपं पडतं, मुंबईहून थेट कोलंबो. पण सिगिरियाचा 5व्या शतकातला राजवाडा बसलाय खडकाच्या डोक्यावर, जवळपास 1200 पायऱ्या, ऊन वेगळंच, मग आजी नि काकू खालच्या बागेतच बसणार ना! कंबोडियातलं अंगकोर वाट हे देऊळ 12व्या शतकातलं, खालच्या लांबलचक ओवरीत समुद्रमंथन कोरलंय, वासुकी ओढणारे देव-दानव एकेक करून निवांत बघा, गुडघ्यांना त्रास नाही (वरचा मजला मात्र उभ्या जिन्याचा, 12 वर्षांखालच्या पोरांना सोडतच नाहीत). तिकीट माणशी 37 डॉलर, तेही एका दिवसाचं, ते जरा टोचतं. तरी माझं मत अंगकोरलाच, फक्त डिसेंबरात जा, एप्रिल-मेमध्ये तिथे भाजून निघाल आणि आंबा सोडून घरातलं कोण हलतंय म्हणा!