नऊ महिने एअरब्रश वापरल्यावर: डोंबिवलीच्या दमट हवेतला हिशोब

गेल्या नोव्हेंबरात प्लास्टिकची मॉडेल विमानं रंगवायला एअरब्रश (हवेच्या झोताने रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा संच घेतला. किंमत आठ हजारांच्या थोडी आत. खोक्यावरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या रंगांच्या टाकीत विकला जातो. ओळखायची खूण सांगते: १/६ अश्वशक्तीची मोटर, ३ लिटरची टाकी, दाब ४ बारवर गेला की आपोआप बंद आणि ३ बारवर उतरला की पुन्हा सुरू. सोबतचा एअरब्रश डबल अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. कप वरच्या बाजूला, नोझल ०.३ मि.मी.

त्याआधी अकरा वर्षं मी हातानेच, कुंचल्याने रंगवत होते. बहुतेक १:७२ची, म्हणजे खऱ्याच्या एक बहात्तरांश लांबीची विमानं. चाललं होतं बरं. पण २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाला, तो कार्यक्रम बाबांनी टीव्हीसमोरून न उठता पाहिला. बाबा नाशिकजवळ ओझरला, विमानं बनवणाऱ्या एचएएलमध्ये फिटर होते. तो कारखानाच मुळात मिग-२१साठी उभा राहिला, आणि बाबांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मिग-२१च्या बिस या आवृत्तीच्या लाइनवर गेली. मी बोलून गेले की तुमच्यासाठी एक करते. एडुआर्ड कंपनीचा १:४८ बिसचा मॉडेल-संच मागवला, खोकं उघडलं, पंखावरच्या पॅनल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव बारीक रेघा) पाहिल्या आणि लक्षात आलं की कुंचल्याने यांचा बळी जाणार.

त्यामागचं गणित सोपं आहे. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो १:४८मध्ये साधारण १५ सें.मी. होतो. त्याच हिशोबाने मी कुंचल्याने ०.१ मि.मी. जाडीचा थर दिला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ ५ मि.मी.चा गिलावा होईल. एअरब्रशने मिळतं ते हे, पातळ थर. रंगाच्या एकमेकांत विरघळणाऱ्या कडा वगैरे नंतरचं कौतुक.

पहिला महिना मात्र शुद्ध मनस्तापाचा गेला. यंत्राचा दोष नव्हता. रंग किती पातळ करायचा हे कळत नव्हतं. जाड राहिला की टोकाशी वाळून अडकायचा, मग एकदम थुंकल्यासारखा उडायचा. पातळ झाला की पृष्ठभागावर पडल्यापडल्या हवेच्या झोताने कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळायचा. आता माझी खूण ठरली आहे: पाणी घातलेल्या ताकासारखा हवा. कपाच्या कडेला वर ढकलला की ओघळ खाली उतरताना मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. पडदा राहिलाच नाही तर फार पातळ, ओघळ उतरायलाच तयार नाही तर फार जाड. तामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग मी एकास दीड या प्रमाणात थिनर घालून वापरते. दाब १५ ते १८ पीएसआय (बारसारखंच दाबाचं एकक). हा आकडा ट्रिगर दाबलेला असताना वाचायचा. हवा बंद असताना काटा २० दाखवतो आणि ट्रिगर दाबला की १४वर येतो, हे कळेपर्यंत मी रोज वेगळ्याच दाबावर रंगवत होते.

एक गाढवपणाही नोंदवते. तामियाचे रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने छान पातळ होतात, म्हणून तेच मी वायेहो या दुसऱ्या कंपनीच्या रंगात घातलं. कपात सरळ दही लागलं. वायेहो पाण्यावर आधारलेला आहे, त्याला त्याचंच थिनर किंवा पाणी लागतं. दोन्ही बाटल्यांवर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. दही काढायला संध्याकाळ गेली.

सरावासाठी प्लास्टिकचे चमचे घ्या. वाढदिवसानंतर उरलेले चालतात. फुगीर पाठ, खोलगट पोट, दांड्याची सपाट पट्टी: विमानाचे बहुतेक आकार एका चमच्यात मिळतात. जेट पाइपचा, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीचा, जळका धातू मी आधी सात चमच्यांवर केला. चकचकीत काळ्यावर अल्युमिनियमचे अगदी हलके फेर, १२ पीएसआयवर, मग पारदर्शक निळा आणि तपकिरी नुसता हुंगायला दिल्यासारखा. हे काम कुंचल्याने होत नाही. इथे यंत्राचे सगळे पैसे वसूल झाले.

डिसेंबर ते मार्च कॉम्प्रेसरने तक्रारीला जागा ठेवली नाही. टाकी असल्यामुळे झोतात धडधड नाही, मोटर अधूनमधूनच चालते. आवाज खोक्यावर सांगतात तितका मऊ नाही. रात्री साडेदहाला वरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "काय गं, इतक्या रात्री मिक्सरवर काय वाटतेस?" तेव्हापासून कॉम्प्रेसर दुमडलेल्या पायपुसण्यावर बसतो आणि साडेनऊनंतर झोपतो. वीस-पंचवीस मिनिटं काम झालं की डोकं हात लावू नये इतकं तापतं, तेव्हा मी बंद करून मास्किंगचं, म्हणजे रंग नको तो भाग झाकायचं काम काढते.

मग जून उजाडला.

हा भाग मला सगळ्यात सविस्तर लिहायचा आहे, कारण परदेशातले व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आपल्या किनाऱ्याकडच्या पावसाळ्यात हा छंद बदलतो. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८५च्या खाली येईना. कॉम्प्रेसर हीच हवा दाबून टाकीत भरतो. दाबलेली गरम हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. मॉइश्चर ट्रॅप ते अडवतो खरा, पण किती अडवणार? एका रविवारी पंखाच्या खालच्या बाजूवर फिकट करडा मारताना मध्येच पाण्याचे तीन थेंब उडाले आणि ताज्या रंगात तीन खड्डे पडले. टाकीच्या पोटाखाली एक छोटा स्क्रू असतो, तो सोडल्यावर गंजाच्या रंगाचं अर्धी वाटी पाणी निघालं. सात महिन्यांत तो स्क्रू मी एकदाही सोडला नव्हता. माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ होती, बारीक अक्षरात. आता पावसाळ्यात प्रत्येक बैठकीनंतर टाकी रिकामी करते, ट्रॅपचं पाणी दर पंधरा मिनिटांनी सोडते, आणि टाकी ते एअरब्रश यांच्यातला पाइप लांब ठेवला आहे. पाइपमध्येच हवा निवते आणि पाणी हातापर्यंत पोचायच्या आधी अडतं. त्यासाठी ट्रॅप एअरब्रशच्या बाजूला लावायचा, टाकीजवळ नाही.

दुसरं संकट थेट रंगावर. डीकॅल (विमानावरची चिन्हं छापलेले पातळ पापुद्रे) लावण्याआधी चकचकीत क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा असतो, नाहीतर खरखरीत पृष्ठभागात हवा अडकून डीकॅलखाली चंदेरी डाग दिसतात. जूनच्या शेवटी मी लॅकर क्लिअर मारला. दहा मिनिटांत सगळ्या मिगवर द्राक्षांवर असते तशी पांढरट झाक आली. कारण असं की लॅकरचं थिनर झटकन उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि दमट हवेतलं बाष्प त्या थंड थरावर बसून आत कोंडतं. मी रडायचीच बाकी होते. उपाय निघाला तो असा: दोन दिवस थांबले, एसी ड्राय मोडवर लावून खोली ६० टक्क्यांवर आणली आणि मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर नुसतंच, रंगाविना, हलकेच फवारलं. थर पुन्हा मऊ झाला, कोंडलेलं पाणी निघून गेलं, झाक उतरली. या थिनरमध्ये वाळणं लांबवणारं द्रव्य असतं, म्हणून पावसाळ्यात मी आता तामियाच्या रंगातही तेच घालते. ७५च्या वर आर्द्रता असेल तर चकचकीत काहीही मारत नाही. मॅट रंग एक वेळ चालतात.

आता यंत्राच्या खऱ्या दोषांकडे. पहिला, सुईमागची रबरी रिंग. लॅकर थिनरने ती चौथ्या महिन्यात फुगली, ट्रिगर अडकू लागला आणि रंग मागे हँडलमध्ये झिरपला. टेफ्लॉनची रिंग घालून घेतली, तेव्हापासून शांत. या किमतीत कारखान्यातूनच टेफ्लॉन द्यायला हरकत नव्हती. दुसरा, नोझल. ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं आणि आटे घालून बसवायचं असतं. सोबतच्या पान्याने मी केसभर जास्त आवळलं आणि मान तुटली, आटे आतच राहिले. विक्रेत्याने वापरणाऱ्याची चूक म्हणून हात वर केले. चूक माझी होतीच, पण सुटं नोझल मिळायला पाच आठवडे लागले, तेव्हा संच घेतानाच दोन जास्तीची नोझलं मागवून ठेवा. पान्याने नाही, बोटांनी आवळा. कपात बुडबुडे येऊ लागले तर नोझलच्या बुडातून हवा गळते आहे असं समजा, आट्यांना किंचित मधमाशीचं मेण लावलं की थांबते.

साफसफाई हे निम्मं काम आहे आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे यंत्र घेऊ नये. दोन रंगांच्या मध्ये चार मिनिटं, शेवटी पंधरा. मेडिकलमध्ये दातांच्या फटींसाठी मिळणारे बारीक ब्रश नोझलच्या मागच्या बोगद्यात बरोबर जातात. रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर धुण्यापुरतं उत्तम आणि स्वस्त, रंगात मात्र घालू नका. प्लास्टिक खातं.

तंत्राची सगळ्यात मोलाची गोष्ट मला पेणला कळली. जुलैत मूर्ती ठरवायला गेलो होतो. कारखान्यात एक दादा स्प्रे गनने अंगाचा रंग मारत होते. माझं लक्ष मूर्तीपेक्षा त्यांच्या मनगटाकडे. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू, मूर्तीवरून सरकून पलीकडे बाहेर बंद. प्रत्येक वेळी. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, गन सुरू होताना आणि थांबताना थुंकते. ती थुंकी देवावर कशाला?" मी सहा महिने ट्रिगर विमानावरच दाबत होते. शेजारी डोळ्यांची आखणी चालली होती, ती मात्र कुंचल्यानेच. कॉकपिटमधली बटणं आणि चाकांच्या कडा मीही अजून कुंचल्यानेच करते, आणि तिथे एअरब्रश काढणाऱ्यांची मला गंमत वाटते.

मास्कबद्दल थोडक्यात, पण वगळू नका. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. कोळशाच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो. मी खोक्याचा बूथ करून वाफ खिडकीबाहेर काढते. लॅकर उडवणार असाल तर ठिणगी पडू शकेल अशी मोटर हवेच्या वाटेत ठेवू नका.

मिग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुरा झाला. बाबा नाशिकहून आले, चष्मा बदलला, विमान उजेडाकडे धरलं. कॉकपिटचा मोरपंखीकडे झुकणारा हिरवा त्यांना लगेच पटला. मग म्हणाले, "अगं, पण या रेघा कशाला एवढ्या काळ्या? आमच्या शॉपमधून असं चौकटीचौकटीचं विमान कधी बाहेर गेलं नाही." पॅनल लाइनमध्ये मी काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडला होता, सगळे सोडतात म्हणून. करड्या विमानावर गडद करडा पुरला असता. दुसऱ्या दिवशी इनॅमल थिनरमध्ये इअरबड बुडवून निम्म्या रेघा पुसल्या. खाली क्लिअरचा थर होता म्हणून रंग वाचला. बाबा शेजारी बसून कुठल्या झडपा रोज उघडायच्या आणि कुठल्या महिनोन् महिने बंद असायच्या ते सांगत होते. रोज उघडणाऱ्यांच्या कडा तेवढ्या गडद ठेवल्या.

घ्यावा का? वर्षाला दोन मॉडेलं करणाऱ्यांनी स्प्रे कॅनवर भागवावं, जरी ते इथे महाग आणि सहज न मिळणारे आहेत. महिन्याला एखादं मॉडेल हातात असेल, खिडकी असलेली जागा असेल आणि धुण्याचा कंटाळा नसेल, तर घ्या. टाकीवालाच घ्या. बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो, पण त्याची धडधड झोतात उतरते. थिनर, टेफ्लॉन रिंग, नोझलं, रेस्पिरेटर धरून माझा खर्च यंत्राच्या किमतीच्या दीडपट झाला आहे. पुढचा एअरब्रश चांगल्या जपानी कंपनीचा घेईन, कॉम्प्रेसर मात्र हाच राहील. सध्या त्याच्या टाकीचा स्क्रू उघडा आहे आणि खाली वाटी ठेवली आहे.